शालेय कुस्तीतील त्वचारोग: तपासणी आधी, मॅट नंतर

शाळेच्या कुस्ती पथकात एखाद्या मुलाच्या मानेवर नायटा दिसला की बहुतेक ठिकाणी दोनच गोष्टी घडतात: औषधाच्या दुकानातून मलमाची ट्यूब येते आणि मॅटवर फिनेलचा फडका फिरतो. मुलगा मात्र त्याच संध्याकाळी जोडीदाराच्या मानेला मान लावून लढत असतो. नेमका क्रम इथे चुकतो. कुस्तीत बुरशी, जिवाणू आणि विषाणू मुख्यतः अंगावरून अंगावर जातात. मॅट, टॉवेल, कॉस्च्युम आणि गुडघ्याचे पॅड हे दुसऱ्या क्रमांकाचे मार्ग आहेत. म्हणून आधी त्वचेची तपासणी, मग बाधित खेळाडूला अंगाशी अंग भिडणाऱ्या सरावापासून दूर ठेवणे, त्यानंतर अंग व कपड्यांची स्वच्छता आणि शेवटी मॅट असा क्रम ठेवावा लागतो. पहिल्या दोन पायऱ्या गाळल्या, तर पुढच्या कितीही काटेकोरपणे केल्या तरी पथकात तोच नायटा फिरत राहतो.

पुढील टप्पे क्रीडा शिक्षक, वस्ताद आणि पालक यांच्यासाठी आहेत. निदान आणि औषध ही डॉक्टरांची जबाबदारी आहे. शिक्षकाचे काम संशय घेणे, थांबवणे आणि नोंद ठेवणे एवढेच आहे, पण ते रोजचे आहे.

टप्पा १: हंगाम सुरू होण्यापूर्वीची तयारी

अंगभर पहिली तपासणी स्पर्धेतल्या वजनाच्या आदल्या दिवशी करून काही हाती लागत नाही, कारण तेव्हा नायटा सापडला तर मुलाला घरी पाठवणे किंवा लपवणे असे दोनच पर्याय उरतात. साध्या नायट्यालाही बरे होण्यास काही आठवडे लागतात. त्यामुळे तालुका स्पर्धेच्या तारखेपासून मागे मोजून किमान चार आठवडे आधी पहिली तपासणी ठेवावी. तपासणीनंतर उपचाराला वेळ उरला पाहिजे, हाच तारीख ठरवण्याचा निकष आहे.

त्याआधी चार गोष्टी हाताशी असाव्यात. भरपूर उजेडाची, दार लागणारी खोली. प्रत्येक खेळाडूसाठी एक पान असलेली वही. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात त्वचारोगाची बाह्यरुग्ण तपासणी कोणत्या वारी असते याची माहिती, किंवा गावातील ज्यांच्याकडे मुलांना पाठवायचे ते डॉक्टर. आणि पालकांची लेखी संमती. यांपैकी संमती सर्वाधिक वेळा विसरली जाते आणि नंतर तिच्यावरूनच वाद होतात.

पालकांच्या बैठकीत एक गोष्ट स्वच्छ शब्दांत सांगावी: जो मुलगा किंवा मुलगी स्वतःहून त्वचेवरचा डाग दाखवेल, त्याची संघातील जागा त्या कारणाने जाणार नाही. ही हमी न देता कितीही कडक नियम केले, तरी मुले लपवतात. चौदा वर्षांखालील गटात वर्षभर मेहनत केलेल्या मुलाने एका डागासाठी स्पर्धा सोडावी अशी अपेक्षा करायची, तर त्या बदल्यात त्याला काहीतरी द्यावे लागते.

टप्पा २: काय ओळखायचे

नायटा किंवा गजकर्ण: गोलसर, लालसर किंवा तपकिरी चट्टा, कडा उठावदार आणि खवल्यांची, मधला भाग तुलनेने स्वच्छ, खाज भरपूर. मान, दंड, छाती, कंबर आणि जांघा येथे आधी पाहावे. डोक्यात असेल तर केस तुटलेली, कोंड्यासारखी पापुद्रे असलेली जागा दिसते. ती केसांखाली लपते आणि मलमाने बरी होत नाही, तिला पोटातून औषध लागते.

जिवाणूंचा संसर्ग: मधाच्या रंगाच्या खपल्या धरणारे उथळ फोड, केसतूड, पू झालेले आणि दुखणारे गळू. खरचटलेल्या जागेभोवती लाली पसरत असेल, ती जागा गरम लागत असेल किंवा सोबत ताप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवावे. गळू पिळणे, सुईने फोडणे हे तालमीतले जुने प्रकार पूर्ण बंद करावेत. त्यातून पू शेजारच्याच्या अंगापर्यंत आणि जिवाणू स्वतःच्या रक्तापर्यंत जाऊ शकतात.

हर्पिस: लालसर जागेवर एकत्र जमलेले पाण्याने भरलेले बारीक फोड, खाजेपेक्षा आग आणि दुखणे जास्त. कुस्तीत ते बहुधा गाल, कपाळ, कान, मान आणि दंडावर येतात, कारण पकडीत तोच भाग समोरच्याच्या अंगावर घासला जातो. पहिल्यांदा होताना ताप, घसादुखी आणि मानेतल्या गाठी येऊ शकतात. याला नागीण समजून घरगुती लेप लावण्यात मोलाचे दिवस जातात. फोड डोळ्याजवळ असतील किंवा डोळा लाल झाला असेल, तर सकाळची वाट पाहू नये.

खरूज: रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्या, मनगट, काख, कंबर आणि जांघेत बारीक पुरळ. पहिल्यांदा खरूज झालेल्या माणसाला खाज सुटायला दोन ते सहा आठवडे लागू शकतात; तोवर तो निरोगी दिसत असतो आणि इतरांना खरजेचा सूक्ष्म किडा देत असतो. म्हणून एकाला खरूज आढळली, तर खाज नसलेले खोलीसोबतीही संशयित धरावे लागतात.

याखेरीज मध्ये खळगा असलेले मोत्यासारखे बारीक फोड, चामखीळ आणि डोक्यातील उवा यांचीही नोंद घ्यावी. हे तातडीचे नसतात, पण पसरतात.

> खबरदारी: डाग फिकट दिसतो म्हणून तो बरा झाला असे समजू नये. स्टेरॉइड मिसळलेले मलम लावलेल्या नायट्याची लाली आणि खाज काही दिवसांत कमी होते, कडा पुसट होते, आणि बुरशी मात्र आतून पसरत राहते. असा विस्कटलेला, आकार नसलेला चट्टा पाहिला की आधी विचारावे: "कोणती ट्यूब लावतोस? घेऊन ये."

टप्पा ३: तपासणी कशी करायची

1. सरावाच्या रोजच्या दिवशी, अंग गरम करण्यापूर्वी, चेहरा, कान, मान, हात, दंड आणि पाय एवढ्या उघड्या भागावर नजर टाकावी. एका मुलामागे अर्धा मिनिट पुरतो. घाम आल्यानंतर आणि अंग लाल झाल्यानंतर पाहिले, तर सगळ्यांचीच त्वचा सारखी दिसते.
2. आठवड्यातून एकदा धड, पाठ, काखा आणि टाळूसह पूर्ण तपासणी करावी. मुलांची तपासणी पुरुष शिक्षकाने, मुलींची महिला शिक्षिकेने, आणि प्रत्येक वेळी दुसरी प्रौढ व्यक्ती खोलीत असताना करावी. मुलींच्या पथकासाठी महिला शिक्षिका उपलब्ध नसेल, तर पूर्ण तपासणी महिला डॉक्टर किंवा परिचारिकेकडूनच करून घ्यावी.
3. लंगोटाखालील भाग शिक्षकाने कधीही पाहू नये. तिथल्या खाजेविषयी एकट्याला प्रश्न विचारावा आणि होकार आला तर डॉक्टरकडे पाठवावे. जांघेतला नायटा हा सर्वात जास्त लपवला जाणारा प्रकार आहे आणि विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.
4. नखे पाहावीत. वाढलेल्या नखांनी होणारे ओरखडे म्हणजे जिवाणूंना मिळालेले दार असते. आंतरराष्ट्रीय नियमांतही वजनाच्या वेळी नखे आखूड असण्याची अट आहे.
5. वहीत तारीख, डागाची जागा, अंदाजे आकार आणि पुढे काय केले हे लिहावे.

> तपासा: वही कुलपात आहे का? डागाचा फोटो पथकाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणे, नावे सगळ्यांसमोर वाचून दाखवणे यामुळे पुढच्या वेळी कोणीही काही दाखवत नाही.

टप्पा ४: संशय आल्यावर त्याच दिवशी

संशयित खेळाडूला कुस्ती, पकडीचा सराव आणि जोडीने होणारी प्रत्येक कसरत तात्काळ बंद करावी. त्याला घरी बसवण्याची गरज नसते. धावणे, जोर, बैठका, सपाटे हे इतरांपासून अंतर ठेवून आणि स्वतःच्या चटईवर करता येतात, मात्र अंगावर ओला पू किंवा ताप असेल तर विश्रांतीच द्यावी. सराव संपेपर्यंत थांबून मग पाहू, ही सवलत एकालाही देऊ नये.

पट्टी बांधून लढवणे ही दुसरी नेहमीची चूक आहे. घामाने आणि घासण्याने पट्टी पहिल्या डावातच सुटते, आणि पट्टीच्या कडेला बुरशी किंवा पू बाहेर येतोच. पट्टी संसर्ग नसलेल्या जखमेसाठी असते. सांसर्गिक डाग झाकला म्हणून खेळण्याची परवानगी मिळू नये.

मुलाला डॉक्टरकडे पाठवताना तो कुस्ती खेळतो, पथकात आणखी कोणाला असे आहे का, आणि आतापर्यंत काय लावले, हे चिठ्ठीवर लिहून द्यावे. भारतात नायट्याच्या उपचारात सध्या खरी अडचण आहे: तीव्र स्टेरॉइड, जिवाणूनाशक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली मलमे चिठ्ठीशिवाय सर्रास विकली जातात, आणि ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए नावाची बुरशी टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला अनेकदा दाद देत नाही. त्यामुळे "मागच्या वर्षी याच गोळीने बरा झाला होता" हा तर्क आता चालत नाही. डाग दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध चालू ठेवावे. खाज थांबल्या दिवशी ट्यूब फेकणारा मुलगा महिन्याभरात त्याच जागेचा चट्टा घेऊन परत येतो.

> खबरदारी: ट्यूबवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी काही लिहिलेले असेल, तर ते स्टेरॉइड आहे. एका मुलाची ट्यूब दुसऱ्याने वापरू नये, आणि वस्तादांनी स्वतःच्या पिशवीतून कोणालाही मलम देऊ नये.

टप्पा ५: पुन्हा मॅटवर कधी

परतीचा निर्णय शिक्षकाच्या नजरेवर किंवा पालकांच्या आग्रहावर सोडू नये. अमेरिकेतील शालेय कुस्तीत यासाठी ठराविक मुदती पाळल्या जातात, आणि आपल्याकडच्या डॉक्टरांशी बोलताना त्या आधार म्हणून उपयोगी पडतात. त्वचेवरच्या नायट्यासाठी किमान ७२ तास उपचार, आणि टाळूवरच्या नायट्यासाठी १४ दिवस पोटातील औषध. जिवाणूंच्या संसर्गासाठी ७२ तास प्रतिजैविक, ४८ तासांत नवा फोड नाही आणि पाझर पूर्ण थांबलेला. खरजेसाठी योग्य उपचारानंतर २४ तास. हर्पिसमध्ये सर्व फोडांवर कोरडी, घट्ट खपली आलेली असावी लागते आणि पहिल्या वेळी दहा ते चौदा दिवस लागू शकतात.

या मुदती किमान आहेत. आपल्याकडचा औषधाला दाद न देणारा नायटा पाहता ७२ तासांनंतर चट्टा पसरत असेल, नवे डाग येत असतील किंवा कडा अजून लाल आणि खवलेदार असेल, तर घड्याळाकडे न पाहता खेळाडूला बाहेरच ठेवावे. माझ्या मते शालेय पातळीवर एक सामना गमावण्याची किंमत दहा मुलांच्या उपचारापेक्षा नेहमीच कमी असते.

डॉक्टरांकडून घ्यायच्या प्रमाणपत्रावर आजाराचे नाव, डागाची जागा, उपचार सुरू झाल्याची तारीख आणि "सध्या सांसर्गिक नाही" हे वाक्य असावे. नुसते "खेळण्यास योग्य" लिहिलेला कागद वजनाच्या ठिकाणी उपयोगाचा नाही.

टप्पा ६: अंग आणि कपडे

सराव संपल्यावर शक्य तितक्या लवकर साबणाने अंघोळ करावी. घरी जाऊन, जेवून, मग अंघोळ हा क्रम बदलावा. घामात बसलेला प्रत्येक तास बुरशीच्या फायद्याचा असतो. शाळेत पाण्याची टंचाई असेल तर निदान मान, चेहरा, हात, काखा आणि पाय साबणाने धुवून कोरडे कपडे घालूनच मुलांना सोडावे. साबणाची वडी प्रत्येकाची स्वतंत्र असावी. हौदात उतरून अंग धुणे बंद करावे. पाणी बादलीत काढून घ्यावे.

टॉवेल, पंचा, लंगोट, कॉस्च्युम, पॅड, वस्तरा यांपैकी काहीही उसने देऊ नये. मालिशच्या तेलाची सामाईक वाटी हा तालमीतील दुर्लक्षित मार्ग आहे: एकाच वाटीत दहा हात बुडतात आणि त्यातला एक हात नायट्यावरून आलेला असतो. तेल स्वतःच्या छोट्या बाटलीतून हातावर ओतून घ्यावे. वजनाच्या आदल्या दिवशी अंगावरचे केस वस्तऱ्याने काढण्याची सवयही सोडावी, कारण त्या बारीक चिरांतून जिवाणू आत शिरतात.

कॉस्च्युम आणि लंगोट रोज धुवून उन्हात पूर्ण वाळवावेत. पावसाळ्यात एकच कॉस्च्युम असलेला मुलगा तो दमट असतानाच पुन्हा घालतो. अशा मुलांसाठी शाळेने दुसरा घेऊन देणे हा खर्च मॅटच्या औषधापेक्षा आधी करावा. ओला कॉस्च्युम आणि कोरडे कपडे एकाच पिशवीत कोंबू नयेत.

टप्पा ७: मॅट आणि माती

1. बाहेरची पादत्राणे मॅटवर येणार नाहीत आणि कुस्तीचे बूट घालून कोणी शौचालयात जाणार नाही, हा नियम आधी लावावा. त्याशिवाय पुढची सफाई वाया जाते.
2. धूळ, केस आणि माती झाडून घ्यावी.
3. डिटर्जंटच्या पाण्याने मॅट पुसावी. ही पायरी सर्रास गाळली जाते. घामाच्या आणि मळाच्या थरावर टाकलेले जंतुनाशक त्या मळातच खर्च होते.
4. मग जंतुनाशक लावावे. लेबलवर जिवाणू, विषाणू आणि बुरशी या तिन्हींचा उल्लेख असलेले आणि मॅटच्या आवरणाला चालणारे द्रावण घ्यावे. सुमारे ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट वापरायचे असल्यास १० लिटर पाण्यात १०० मिलिलिटर हे रोजच्या वापराचे प्रमाण आहे. बुरशीच्या बीजाणूंना ते अपुरे पडू शकते, म्हणून पथकात नायटा असताना स्पष्टपणे बुरशीनाशक असलेले द्रावणच निवडावे.
5. पृष्ठभाग लेबलवर दिलेला पूर्ण वेळ, हायपोक्लोराइटसाठी साधारण १० मिनिटे, ओला राहिला पाहिजे. पुसणाऱ्याने मागे सरकत जावे, म्हणजे पुसलेल्या भागावर पाय पडत नाही.
6. नंतर स्वच्छ पाण्याने पुसून, खिडक्या उघड्या ठेवून मॅट वाळू द्यावी. मॅट ओली असताना ती गुंडाळू नये.

हे काम प्रत्येक सरावापूर्वी करावे, आणि एकामागून एक गट येत असतील तर दोन गटांच्या मध्येही करावे. स्पर्धेची मॅट १२ मीटर बाय १२ मीटरची असते. तेवढी जागा एका बादलीत होत नाही, पाणी गढूळ झाले की बदलावे. मॅटचा मॉप वेगळा आणि खूण केलेला असावा. आवरणाच्या फाटलेल्या जागा टेपने बंद कराव्यात, कारण त्या फटीत मळ साठतो आणि द्रावण पोहोचत नाही.

> खबरदारी: हायपोक्लोराइट आणि शौचालय साफ करायचे आम्ल कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. द्रावण रोज ताजे करावे. साधे सुगंधी फिनेल हा याला पर्याय नाही.

तांबड्या मातीच्या आखाड्याचे गणित वेगळे आहे. मातीचे निर्जंतुकीकरण करता येत नाही. ताक, हळद, लिंबू, तेल आणि कापूर घालून माती कसण्याची पद्धत चालू ठेवायला हरकत नाही, पण त्यामुळे नायटा असलेल्या मुलाला आखाड्यात उतरवणे सुरक्षित होत नाही. मातीत नैसर्गिकरीत्या राहणारी बुरशीही असतेच. म्हणून उघड्या जखमेला माती लावणे बंद करावे, माती नियमित खणून उलटावी आणि तिला ऊन लागू द्यावे, आखाड्यात थुंकू देऊ नये, आणि रक्त सांडल्यास तो भाग फावड्याने काढून टाकावा.

टप्पा ८: निवासी तालमीतील जादा काळजी

कोल्हापूर, सांगली, पुण्याकडच्या तालमींत गावोगावची मुले एका खोलीत राहतात. तिथे खरूज आणि नायटा मॅटपेक्षा अंथरुणातून जास्त फिरतात. खरजेचा उपचार एकट्यावर करून काही उपयोग नाही. खोलीतील सर्वांवर, खाज असो वा नसो, एकाच रात्री करावा लागतो. डॉक्टर सहसा देतात ते ५ टक्के परमेथ्रिन मलम मानेपासून तळपायापर्यंत, बेचक्या आणि नखांखालीसुद्धा लावून ८ ते १४ तास ठेवतात आणि साधारण आठवड्याने पुन्हा लावतात. त्याच दिवशी चादरी आणि वापरलेले कपडे गरम पाण्यात धुवावेत. धुता न येणाऱ्या वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत आठवडाभर बांधून ठेवाव्यात. उपचारानंतरही खाज काही आठवडे राहू शकते. ती राहिली म्हणून मलम रोज चोळत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे.

टप्पा ९: एकाच आठवड्यात दुसरा रुग्ण सापडला तर

एकाच प्रकारचे दोन रुग्ण सापडले की तो योगायोग न समजता फैलाव समजावा. त्या दिवशीच सर्वांची पूर्ण तपासणी करावी, गेल्या दोन आठवड्यांत कोण कोणाशी लढले हे वहीवरून काढावे, आणि ज्या शाळेशी सामने झाले त्यांच्या क्रीडा शिक्षकांना कळवावे. कळवणे नामुष्कीचे वाटते, पण तिथूनच आलेला नायटा उपचारानंतर तिथूनच परत येतो.

हर्पिसचा संशय असल्यास पकडीचा सराव पूर्ण थांबवावा. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात २००७ मध्ये हर्पिस पसरल्यावर राज्यभरातील शालेय कुस्तीचे सामने आणि अंगाशी भिडणारा सराव आठ दिवस बंद ठेवला होता. संसर्ग झाल्यापासून फोड दिसेपर्यंत साधारण तेवढे दिवस जातात, म्हणून ही मुदत अर्थपूर्ण ठरते. दोन दिवसांची सुट्टी देऊन पुन्हा सुरुवात केली, तर लपलेले रुग्ण सरावातच उघड होतात. सराव पुन्हा सुरू करताना पहिल्या आठवड्यात जोड्या ठरावीक ठेवाव्यात आणि त्या वहीत लिहाव्यात, म्हणजे नवा डाग निघाला तर फक्त एका जोडीला थांबवावे लागते.

स्पर्धेला निघताना प्रमाणपत्रांच्या मूळ प्रती, प्रत्येकाचा स्वतःचा टॉवेल आणि साबण, आणि नखे कापायचे नेलकटर पिशवीत असावे. वजनाच्या ठिकाणची वैद्यकीय तपासणी कधी काटेकोर होते, कधी नावापुरती. त्यामुळे निघण्याच्या सकाळी शाळेतच आपली तपासणी करून घ्यावी, आणि तिथे डाग सापडलेल्या मुलाला गाडीत बसवू नये.